डॉ. कोटणीस : मदत पोहोचवणारा डॉक्टर

सात रस्ता चौकात दिवसभर माणसांची ये-जा चालू असते. त्यातल्या कुणाही सोलापूरकराला डॉ. कोटणीस कोण असे विचारले, तर चीनला गेलेले डॉक्टर, एवढे उत्तर चटकन मिळते. थोडे वयस्कर कुणी भेटले तर व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाचे नाव निघते. भैय्या चौक परिसरातले स्मारकही अनेकांनी पाहिलेले असते. मात्र हा डॉक्टर वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कशाने गेला, असा पुढचा प्रश्न केला की बहुतेक जण अडखळतात. युद्धात गेले होते, तेव्हा गोळी लागली असेल किंवा बॉम्ब पडला असेल, असा समज असतो. चित्रपटाने कथा रंगवताना प्लेगच्या साथीचा धागा घेतला, त्यामुळे काहींना प्लेग आठवतो.

प्रत्यक्षात डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा मृत्यू अपस्माराने, म्हणजे आपण ज्याला फिट, आकडी किंवा फेफरे म्हणतो त्या आजाराने झाला. हा आजार तेव्हाही औषधाने आटोक्यात ठेवता येत होता. आज तर तो सरकारी रुग्णालयात मिळणाऱ्या स्वस्त गोळ्यांनी आटोक्यात राहतो. दुसऱ्यांपर्यंत उपचार पोहोचवण्यासाठी हजारो मैल गेलेल्या माणसाच्या आयुष्याचा शेवट असा व्हावा, ही गोष्ट त्यांच्या जन्मगावाने तरी नीट समजून घ्यायला हवी.

गिरणगावातला मुलगा

द्वारकानाथ यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात, एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. घरात भाऊ-बहिणींचा मोठा गोतावळा होता. तेव्हाचे सोलापूर हे कापड गिरण्यांचे आणि हातमागांचे गाव होते. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की पेठा जाग्या होत. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा एकाच गल्लीत ऐकू येत. दुष्काळात उजाड झालेल्या खेड्यांतून माणसे कामाच्या शोधात इथे येत आणि दाटीवाटीच्या वस्त्यांत राहत. अशा वस्त्यांत प्लेग, पटकी, क्षय हे आजार घरच्यासारखे ओळखीचे असत.

१९३० साली द्वारकानाथ १९ वर्षांचे होते. त्या वर्षी मे महिन्यात सोलापुरात ब्रिटिशांनी मार्शल लॉ पुकारला आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिली गेली. ज्या पिढीच्या डोळ्यांसमोर हे घडले, त्या पिढीला देशकार्य म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागले नाही.

वैद्यकीय शिक्षणासाठी द्वारकानाथ मुंबईला, परळच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात गेले. हे महाविद्यालय आणि त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले होते. त्या काळी मोठ्या रुग्णालयांतल्या वरच्या जागा युरोपियन डॉक्टरांकडे असत. परळच्या या संस्थेचा आग्रह मात्र भारतीय डॉक्टरच नेमण्याचा होता. दानशूरांच्या पैशातून उभी राहिलेली आणि गिरणी कामगारांच्या वस्तीत चालणारी ही संस्था होती. तिथे शिकणाऱ्या मुलाला औषधाइतकीच रुग्णाच्या घरची परिस्थितीही दिसत असे. पदवी घेतल्यानंतर कोटणीस पदव्युत्तर अभ्यासाच्या तयारीत होते, तेव्हाच १९३८ साल उजाडले.

२२ हजार रुपये आणि पाच डॉक्टर

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले होते. शहरांवर बॉम्ब पडत होते, लाखो लोक बेघर झाले होते आणि जखमींवर उपचार करायला डॉक्टर मिळत नव्हते. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. ठिकठिकाणी चीनसाठी निधी गोळा झाला. सुमारे २२ हजार रुपये आणि एक रुग्णवाहिका एवढी मदत जमली. त्याबरोबर पाच डॉक्टरांचे पथक पाठवायचे ठरले.

ही मदत कोणी दिली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. देश स्वतः पारतंत्र्यात होता. दवाखाने अपुरे होते, साथी दरवर्षी येत होत्या. अशा देशातल्या लोकांनी आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून परक्या देशातल्या जखमींसाठी पैसे काढले. मदत करायला आधी आपले सगळे नीट व्हावे लागते, हा विचार त्यांनी केला नाही.

पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल होते. स्पेनच्या यादवी युद्धात काम केल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस असे बाकीचे चौघे. कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी एस. एस. राजपुताना या बोटीने पथक मुंबईहून निघाले आणि त्याच महिन्यात कँटनला पोहोचले.

तिथून पुढचा प्रवास सरळ नव्हता. जपानी सैन्य पुढे सरकत होते आणि शहरे एकामागून एक पडत होती. पथक हँकावला गेले, तेही शहर ऑक्टोबरमध्ये पडले. मग यांगत्से नदीच्या वरच्या अंगाला, चुंगकिंगला मुक्काम झाला. इथे असतानाच कोटणीसांना सोलापूरहून वडिलांच्या निधनाची बातमी कळली. घरी परत जाण्यासारखे कारण होते आणि कोणी दोषही दिला नसता. सहकाऱ्यांनीही तसे सुचवले. पण ज्या कामासाठी लोकांनी पैसे देऊन पाठवले, ते अजून सुरूच झाले नव्हते. कोटणीस थांबले. १२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक उत्तरेकडच्या येनान या गावी पोहोचले आणि खऱ्या अर्थाने काम सुरू झाले.

येनानचा भाग पिवळ्या मातीच्या टेकड्यांचा. त्या टेकड्यांच्या पोटात गुहा खोदून माणसे राहत आणि रुग्णालयही तशाच गुहांत चाले. बॉम्बहल्ल्यापासून बचाव व्हावा म्हणून ही सोय होती. काही महिन्यांत डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी भारतात परतले. डॉ. अटल, बसू आणि कोटणीस हे तिघे नोव्हेंबर १९३९ मध्ये आघाडीकडे निघाले. पुढे प्रकृतीमुळे डॉ. अटलही परतले. शत्रूच्या ताब्यातले रेल्वेमार्ग रात्रीच्या अंधारात ओलांडत बसू आणि कोटणीस वुताई पर्वताच्या परिसरात पोहोचले. काही काळाने डॉ. बसू येनानला माघारी गेले. पाच जणांपैकी आघाडीवर एकटे कोटणीस उरले.

बोटाच्या जखमेने गेलेला डॉक्टर

या डोंगराळ भागात कोटणीसांच्या आधी एक परदेशी डॉक्टर काम करून गेला होता. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून. छातीच्या शस्त्रक्रियांतले ते नावाजलेले तज्ज्ञ. स्पेनच्या युद्धात त्यांनी रक्ताच्या बाटल्या थेट आघाडीपर्यंत नेणारी गाडी चालवली होती. चीनमध्ये त्यांनी शस्त्रक्रियेचे सामान खेचरांच्या पाठीवर लादता येईल असे बसवून घेतले. त्यांचा विचार साधा होता. जखमी माणूस डॉक्टरकडे येईपर्यंत थांबायचे नाही, डॉक्टरने जखमीकडे जायचे.

त्यामागचे वैद्यकीय कारण आजही तेच आहे. गोळीची किंवा बॉम्बच्या तुकड्याची जखम झाली की तिच्यात कपड्याचे धागे, माती आणि जंतू शिरतात. सुरुवातीच्या काही तासांत मेलेले मांस कापून, घाण काढून जखम स्वच्छ केली तर हात-पाय आणि जीव वाचण्याची शक्यता मोठी असते. दिवस उलटला की जंतू खोलवर पसरतात, जखम सडते आणि विष रक्तात भिनते. तेव्हा पेनिसिलीन उपलब्ध नव्हते. त्यामुळे वेळ हेच खरे औषध होते.

१२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथ्यून स्वतः याच कारणाने गेले. रबरी हातमोजे नसताना शस्त्रक्रिया करत होते, बोटाला कापले आणि रक्तात जंतुसंसर्ग पसरला. जून १९४० मध्ये कोटणीसांनी त्यांच्या समाधीला भेट दिली. जो पूर्वसुरी हातमोज्यांअभावी गेला, त्याचे काम आपल्याला पुढे न्यायचे आहे, हे त्यांना तिथे उभे राहून कळले नसेल असे म्हणता येत नाही.

ऑगस्ट १९४० मध्ये या भागात मोठी मोहीम सुरू झाली. इतिहासात ती शंभर रेजिमेंटची मोहीम म्हणून ओळखली जाते. तिच्यातल्या १३ दिवसांच्या एका लढाईत कोटणीसांच्या पथकाकडे ८०० हून अधिक जखमी आले आणि त्यांनी पाचशेच्या वर शस्त्रक्रिया केल्या, अशी चिनी नोंद आहे. सलग तीन दिवस-रात्र न झोपता ते शस्त्रक्रिया करत राहिले, हेही नोंदलेले आहे. आज एखाद्या मोठ्या रुग्णालयात भूल देणारे तज्ज्ञ, रक्तपेढी, निर्जंतुकीकरण विभाग आणि पाळीपाळीने येणारे सर्जन असतात. त्यांच्याकडे दिव्याचा उजेड, उकळलेल्या पाण्यातली हत्यारे आणि हाताशी तयार केलेले मदतनीस होते.

जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. नाव मोठे असले तरी आपल्याला माहीत असलेली चार मजली इमारत तिथे नव्हती. रुग्ण गावातल्या शेतकऱ्यांच्या घरात ठेवले जात. जपानी सैन्याची झडती सुरू झाली की रुग्णांसह रुग्णालय डोंगरात हलवावे लागे. गावकरी स्ट्रेचर उचलत, जेवण देत, वेळ आली तर जखमींना लपवत. रुग्णालय चालवण्यात गावाचाही डॉक्टरांइतकाच वाटा होता.

शिकवून ठेवलेले काम

कोटणीसांच्या कामातला सर्वांत टिकाऊ भाग शस्त्रक्रियेचा नव्हता, शिकवण्याचा होता. रुग्णालयाला जोडून बेथ्यून यांच्याच नावाची वैद्यकीय शाळा होती. तिथे ते शस्त्रक्रियेचा विषय शिकवत. त्यासाठी आधी ते चिनी भाषा शिकले, बोलायला आणि वाचायला-लिहायलाही. दुभाष्या मध्ये ठेवून रुग्णाची तपासणी कशीबशी करता येते, पण विद्यार्थी घडवता येत नाहीत, हे त्यांनी ओळखले असावे. लहानपणी गल्लीत चार भाषा ऐकलेल्या माणसाला पाचवी-सहावी भाषा परकी वाटली नसेल, असे म्हणायला हरकत नाही.

विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांची मुले होती. त्यांच्याकडे पुस्तके नव्हती. म्हणून कोटणीसांनी शस्त्रक्रियेवर चिनी भाषेतले पाठ्यपुस्तक लिहायला घेतले. सामान्य तत्त्वांचा भाग त्यांनी पुरा केला आणि पुढच्या भागाचे लेखन अखेरच्या दिवसांपर्यंत चालू होते. दिवसा रुग्ण, संध्याकाळी वर्ग आणि रात्री लेखन असा त्यांचा क्रम असे.

राहणी इतर सर्वांसारखीच होती. त्या भागातले मुख्य अन्न म्हणजे राळे. सोलापूर जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना राळ्याचा भात ठाऊक आहे. ज्वारीच्या मुलखातून गेलेल्या माणसाला हे भरड धान्य अगदीच अनोळखी नव्हते. परदेशी पाहुणे म्हणून मिळणाऱ्या जादा सवलती त्यांनी टाळल्या. त्यांचे चिनी नाव होते को ति-हुआ. सैनिकांचे ते को डॉक्टर झाले. त्या भागातले लोक त्यांना काळी आई म्हणत, असे चिनी आठवणींत येते. मराठीत आपण जमिनीला काळी आई म्हणतो. तिथल्या लोकांना हा अर्थ माहीत असण्याचे कारण नव्हते, पण सावळ्या रंगाच्या आणि मायेने वागणाऱ्या या माणसाला त्यांनी दिलेले नाव मराठी माणसाला विशेष जवळचे वाटते.

याच काळात त्यांची ओळख कुओ चिंगलान यांच्याशी झाली. त्या प्रशिक्षित परिचारिका होत्या आणि शाळेत परिचर्या शिकवत. १९४१ च्या अखेरीस दोघांचे लग्न झाले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

लपून बसलेला आजार

या सगळ्या धावपळीत कोटणीसांना फिट येऊ लागल्या होत्या. अपस्मार हा मेंदूचा आजार आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना सूक्ष्म विद्युत संदेश पाठवून काम करतात. हे संदेश अचानक बेसुमार आणि एकाच वेळी सुटू लागले की शुद्ध हरपते, हात-पाय आखडतात, झटके येतात. मोठ्या वयात पहिल्यांदा फिट येऊ लागली तर डोक्याला झालेली जुनी इजा, मेंदूचा जंतुसंसर्ग, गाठ किंवा पट्टकृमीची अळी मेंदूत जाऊन बसणे, अशी कारणे डॉक्टर आज आधी तपासतात. आज त्यासाठी सीटी स्कॅन, एमआरआय आणि मेंदूचा विद्युत आलेख आहे. १९४२ साली चीनच्या डोंगरात यातले काहीच नव्हते आणि कारण निश्चित करण्याचा मार्गही नव्हता.

फिटच्या रुग्णाला डॉक्टर तीन गोष्टी आवर्जून सांगतात. औषध न चुकता घ्या, पुरेशी झोप घ्या, अतिश्रम टाळा. झोप कमी झाली की मेंदूची सहनशक्ती घटते आणि फिट येण्याची शक्यता वाढते. कोटणीसांच्या आयुष्यात नेमक्या याच तीन गोष्टी दुर्मीळ होत्या. जागरण आणि श्रम तर रोजचेच होते.

औषधांचा विचार केला तर विज्ञान तोपर्यंत बरेच पुढे आले होते. फिनोबार्बिटोन १९१२ पासून अपस्मारासाठी वापरात होते. फिनिटॉइनचा उपयोग १९३८ मध्ये, म्हणजे कोटणीस मुंबई सोडून निघाले त्याच वर्षी अमेरिकेत सिद्ध झाला होता. पण या गोळ्या महिनोन्महिने, वर्षानुवर्षे, एकही दिवस न चुकवता घ्याव्या लागतात. एका बाजूने जपानी सैन्याचा वेढा आणि दुसऱ्या बाजूने चीनमधल्याच अंतर्गत राजकारणातून आलेली नाकेबंदी, यामुळे या भागात औषधांचा कायम तुटवडा असे. अशा ठिकाणी रोजच्या गोळीची खात्री कुणी देऊ शकत नव्हते. उपचारासाठी सुरक्षित ठिकाणी जावे, असे वरिष्ठांनी सुचवले होते. कोटणीसांनी नकार दिला. आपण गेलो तर रुग्णालय आणि शाळा कोण सांभाळणार, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

इथे वाचकाने थोडे थांबायला हवे. या नकाराचे कौतुक करणे सोपे आहे आणि आजवर ते भरपूर झाले आहे. वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर त्यात एक चूकही दिसते. जो डॉक्टर दुसऱ्याला विश्रांती घ्यायला सांगतो, तोच स्वतःचा आजार मागे ढकलतो. असे तेव्हा घडले आणि आजही घडते. रुग्णसेवा करणारे डॉक्टर, परिचारिका, आशाताई स्वतःची तपासणी शेवटी ठेवतात. कोटणीस आणखी तीस वर्षे जगले असते तर त्यांनी किती विद्यार्थी घडवले असते, हा हिशेबही मांडायला हवा. त्यांचे मोठेपण त्यामुळे कमी होत नाही.

डिसेंबर १९४२ मध्ये फिट एकामागून एक येऊ लागल्या. एक फिट थांबून माणूस शुद्धीवर येण्याआधीच दुसरी सुरू होते, या अवस्थेला वैद्यकात स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात. झटके सतत चालू राहिले की मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू कमी पडतो, शरीराचे तापमान वाढते, श्वास अडतो. आज रुग्णालयात शिरेतून औषधे देऊन, गरज पडली तर कृत्रिम श्वास देऊन बहुतेक रुग्णांना यातून बाहेर काढता येते. त्या खेड्यात सहकारी डॉक्टर शक्य ते सारे करत राहिले. ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे कोटणीस गेले. यिनहुआ तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता.

बेथ्यून आणि कोटणीस, एकामागून एक असे दोन डॉक्टर या रुग्णालयाच्या परंपरेने गमावले. एकाला जंतुसंसर्गाने नेले, दुसऱ्याला अपस्माराने. दोघांच्याही बाबतीत बरे करण्याचे ज्ञान जगात कमी-अधिक होते. ते योग्य वेळी योग्य जागी पोहोचले नाही.

मागे काय राहिले

कोटणीसांना आधी गावाजवळ पुरले गेले. पुढे त्यांचे अवशेष शिच्याच्वांग शहरातल्या हुतात्मा उद्यानात हलवले. तिथेच बेथ्यून यांचीही समाधी आहे. त्या शहरात कोटणीसांच्या नावाची वैद्यकीय शाळा आहे आणि तिथले विद्यार्थी त्यांच्या पुतळ्यासमोर सेवेची शपथ घेतात. यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये गेला. कुओ चिंगलान यांना दीर्घायुष्य लाभले. त्या अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

भारतात १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांचा चित्रपट आला आणि कोटणीसांचे नाव घरोघरी पोहोचले. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. सहकारी डॉ. बसू यांनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून ते भारतात आणले आणि कोटणीसांच्या नावाने सेवाभावी काम उभे केले. लुधियानात त्यांच्या नावाचे ॲक्युपंक्चर रुग्णालय आहे. सोलापुरात त्यांच्या घराच्या जागी स्मारक झाले. भारत आणि चीन या दोन देशांतले संबंध अनेकदा बिघडले. १९६२ चे युद्धही झाले. तरी चीनचे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांची भेट घेण्याची प्रथा टिकून राहिली.

स्मारकापुढे फुले वाहणे आपण चुकवत नाही. पण ज्या आजाराने कोटणीस गेले, त्याच्याशी आपण आज कसे वागतो, हेही पाहायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य औषध नियमित घेतले तर त्यांतल्या सुमारे ७० टक्के लोकांना फिटशिवाय जगता येते. फिनोबार्बिटोन, फिनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट ही औषधे सरकारी रुग्णालयांत मिळतात. कोटणीसांपुढे नाकेबंदी होती. आपल्यापुढे लाज, भीती आणि गैरसमज यांची नाकेबंदी आहे. फिट येते म्हणून मुलीचे लग्न लपवाछपवी करून लावले जाते, लग्नानंतर कळू नये म्हणून गोळ्या बंद केल्या जातात आणि मग फिट पुन्हा सुरू होते. वास्तविक १९९९ च्या दुरुस्तीने विवाह कायद्यातली अपस्माराची अट काढून टाकलेली आहे. मुलाची शाळा बंद केली जाते. अंगात आले म्हणून आधी देवऋषी गाठला जातो आणि महिने वाया जातात.

फिट आलेला माणूस समोर पडला तर करायच्या गोष्टी थोड्या आणि सोप्या आहेत. त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा. घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने फिट थांबत नाही. ती बहुधा दोन-तीन मिनिटांत आपणहून थांबते. पाच मिनिटांहून जास्त चालली, किंवा शुद्धीवर न येता पुन्हा आली, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. ज्या अवस्थेने कोटणीसांचा जीव घेतला, तिची ही सुरुवात असू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या एक दिवसही बंद करू नका. आणि हात धुऊन जेवणे, कच्च्या भाज्या स्वच्छ धुऊन खाणे ही काळजी शाकाहारी घरांतही घ्या, कारण पट्टकृमीची अंडी घाणेरड्या हातांतून आणि न धुतलेल्या भाज्यांतूनही पोटात जातात.

१९३८ साली लोकांनी २२ हजार रुपये जमवले, तेव्हा ते फक्त पैसे होते. त्यांचे उपचारात रूपांतर झाले ते पाच माणसे घर सोडून निघाली म्हणून. त्यांतला एक सोलापूरचा होता आणि तो परत आला नाही. आज सोलापुरात रक्तदान शिबिरे भरतात, मंडळे रुग्णांना जेवण देतात, संस्था औषधांचा खर्च उचलतात. हे काम मोठे आहे. त्यात एका साध्या गोष्टीची भर घालता येईल. आपल्या गल्लीत फिट येणारा एखादा मुलगा किंवा एखादी बाई गोळ्या घेते का, तिला दवाखान्यापर्यंत नेणारे कुणी आहे का, तिच्या घरी जाऊन कुणी विचारपूस करते का, एवढे पाहायचे. कोटणीस त्यासाठी समुद्र ओलांडून गेले. आपल्याला बहुधा दोन गल्ल्या ओलांडाव्या लागतील.